जलशापासून रॅपपर्यंत : समाजप्रबोधनपर गायनपथकांच्या पुनरागमनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे लेखन करताना सरकारी कागदपत्रे, वृत्तपत्रे, चरित्रे व पत्रव्यवहार या साधनांचा विपुल उपयोग झालेला आहे. त्या मानाने गावोगाव फिरणाऱ्या गायनपथकांकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. वास्तविक, ज्या समाजात अक्षरओळख मूठभरांपुरती मर्यादित होती, त्या समाजात नवा विचार बहुसंख्यांच्या कानी प्रथम पडला तो गाण्यातूनच. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि झांज ही चळवळींची पहिली प्रसारमाध्यमे होती.

या पथकांच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार आढळते. पथक उभे राहते, गाजते आणि मध्येच थांबते. कधी सरकारी बंदीमुळे, कधी सहकाऱ्याच्या मृत्यूमुळे, तर कधी चळवळीलाच ओहोटी लागल्यामुळे त्याचा आवाज बंद पडतो. काही काळाने तोच आवाज पुन्हा उमटतो. अशा वेळी पथक काय घेऊन परतते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गाजलेल्या जुन्या गाण्यांची उजळणी करणारे पथक श्रोत्यांना गतकाळाची आठवण देते. बदललेल्या काळाचा प्रश्न नव्या गाण्यात मांडणारे पथक मात्र इतिहासात पुन्हा सहभागी होते. प्रस्तुत निबंधात सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा, लाल बावटा कलापथक आणि अलीकडचे मराठी रॅप यांचा या दृष्टीने विचार केला असून, वऱ्हाडच्या, विशेषतः बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात त्यातून निघणारा बोध मांडला आहे.

एका पुनरागमनाचे उदाहरण

विषयाच्या स्पष्टीकरणासाठी प्रथम एक परदेशी उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. हिप-हॉप या कलाप्रकाराचा उगम ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत झालेल्या मेजवानीशी जोडला जातो. तेथे डीजे कूल हर्क यांनी तबकड्यांवरील तालाचा तुकडा पुनःपुन्हा वाजवून त्यावर नृत्य व बोल यांना वाव दिला. तालावर लयबद्ध बोलण्याची ही रीत, म्हणजेच रॅप, पुढे वस्तीतील दारिद्र्य व उपेक्षा सांगण्याचे साधन बनली. १९८२ मधील ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या पथकाच्या ‘द मेसेज’ या गीताने हा सामाजिक आशय ठळकपणे पुढे आणला.

न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातील ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या पथकाने १९९० मध्ये आपला पहिला संग्रह प्रसिद्ध केला. १९९८ मधील पाचव्या संग्रहानंतर हे पथक विसर्जित झाले. अठरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अवघ्या काही दिवसांत त्याचा सहावा संग्रह प्रकाशित झाला. पथकाचे एक प्रमुख गायक फाइफ डॉग त्याच वर्षी मार्च महिन्यात निधन पावले होते. त्यांचा आवाज मात्र या संग्रहात होता. त्यात गरिबांना त्यांच्याच वस्तीतून हुसकावले जाणे आणि वंश व धर्म यांच्या नावाने माणसांना वगळणे हे त्या घडीचे विषय होते. जुन्या लौकिकावर विसंबून न राहता पथकाने वर्तमानाला उत्तर दिले, म्हणूनच या पुनरागमनाची दखल घेतली गेली.

खंड, मृत्यू आणि नव्या आशयासह परत येणे हा अनुभव मराठी समाजाला मात्र नवा नाही. त्याचा शोध घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जावे लागते.

सत्यशोधक जलसा : जुना साचा, नवा आशय

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे सत्यशोधक समाजाची स्थापना केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर चळवळीचा वेग काहीसा मंदावला. हा विचार पुन्हा खेड्यापाड्यांत पोहोचविण्यात जलशांचा वाटा मोठा होता. भीमराव महामुनी यांचे नाव आद्य जलसाकारांमध्ये घेतले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, विशेषतः १९११ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिल्यानंतर, जलशांना बहर आला.

जलशाची रचना पाहिल्यास त्याचे सामर्थ्य कशात होते हे कळते. तमाशातील गण, गौळण, सवाल-जवाब आणि वग हा क्रम खेडुतांच्या अंगवळणी पडलेला होता. जलसाकारांनी हा साचा मोडला नाही. वाद्ये तीच ठेवली, चाली परिचित ठेवल्या, पुरुषांनीच स्त्रीभूमिका करण्याची प्रथाही राहिली. बदलला तो आशय. गणात निर्मिकाचे स्तवन येऊ लागले. गौळण एकतर वगळली जाई किंवा तिचा अर्थ पालटला जाई. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, कुलकर्णी, भट-भिक्षुक आणि कर्जात बुडालेला कुणबी आला. लग्नातील उधळपट्टी, मुलांना शाळेत न घालण्याची सवय, व्यसन आणि पुरोहितावाचून विधी करण्याचा अधिकार हे विषय हशा आणि टाळ्यांच्या ओघात मांडले गेले. श्रोता तमाशा पाहण्यासाठी येई आणि घरी जाताना आपल्याच जीवनाविषयी प्रश्न घेऊन जाई.

या परंपरेशी बुलडाणा जिल्ह्याचे एक अभिमानास्पद नाते आहे. चिखली येथील पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ मध्ये, म्हणजे फुले यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. फुल्यांचे हे पहिले विस्तृत मराठी चरित्र मानले जाते. त्या वेळी फुल्यांच्या निधनाला सदतीस वर्षे लोटली होती. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे वृद्ध झाली होती. त्यांच्या आठवणी मिळविण्याचे काम पाटील यांनी वेळेवर केले. पुण्यापासून दूर असलेल्या वऱ्हाडातील एका तरुणाला हे कार्य करावेसे वाटले, यातूनच सत्यशोधक विचार येथे किती खोल रुजला होता याची कल्पना येते. या घटनेचे महत्त्व निबंधाच्या अखेरीस पुन्हा लक्षात घ्यावयाचे आहे.

आंबेडकरी जलसा : साच्याचा वारसा आणि त्याची चिकित्सा

१९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० चा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांनी अस्पृश्य समाजात अभूतपूर्व जागृती निर्माण केली. याच वातावरणात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांचे जलसा पथक उभे राहिले. तमाशाची कला या समाजातील अनेकांच्या उपजीविकेचे साधन होती; परंतु त्याच कलेत त्यांच्या वाट्याला अवहेलनाही आलेली होती. त्यामुळे आंबेडकरी जलसाकारांपुढील प्रश्न सत्यशोधकांपेक्षा अधिक अवघड होता. ज्या कलेने पोट भरले आणि ज्या कलेमुळे हिणवले गेले, तिचा त्याग करावा की तिला नवे रूप द्यावे?

कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. शृंगार व अश्लीलता वर्ज्य करून त्यांनी ढोलकीच्या साथीवर मंदिरप्रवेश, शिक्षण, मृत जनावरे ओढण्यासारख्या अपमानास्पद कामांचा त्याग, १९३५ ची येवल्याची धर्मांतर घोषणा आणि निवडणुका हे विषय मांडले. आपल्या दहा सभा व कर्डकांचा एक जलसा यांचे मोल सारखेच आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी म्हटल्याची आठवण सांगितली जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला झालेल्या बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर जलशाचे जुने स्वरूप मागे पडत गेले. त्याची जागा गायन पार्ट्यांनी व भीमगीतांनी घेतली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे या नव्या पर्वाचे सर्वाधिक लोकप्रिय गीतकार-गायक ठरले. वगनाट्य गेले, पण गाणे टिकले. हे पुनरागमन एका पथकाचे नव्हते, तर एका संपूर्ण परंपरेचे होते.

भीमराव कर्डक यांनी पुढे आंबेडकरी जलशांचे स्वरूप व कार्य यांवर पुस्तक लिहिले, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय. कलावंतानेच आपल्या पथकाची नोंद करून ठेवल्यामुळे या जलशांविषयी आज खात्रीने काही सांगता येते. जलशांच्या संहिता मात्र फार थोड्या छापल्या गेल्या.

लाल बावटा कलापथक : बंदी आणि पुनरागमन

मुंबईच्या कामगार वस्तीत १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे तीन शाहीर एकत्र आले. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ शब्दांचे धनी होते, तर बार्शीचे अमर शेख यांचा बुलंद आवाज मोठा जनसमुदाय खिळवून ठेवी. गिरणी कामगार, शेतकरी आणि आदिवासी यांच्या लढ्यांचे हे पथक कलात्मक अंग बनले.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतरच्या पहिल्या वर्षांत साम्यवादी पक्षावर झालेल्या कारवाईच्या काळात या पथकाच्या कार्यक्रमांवर तत्कालीन मुंबई सरकारने बंदी घातली. तमाशाच्या सादरीकरणावरही निर्बंध आले. या कोंडीतून काढलेली वाट उल्लेखनीय आहे. तमाशाच्या साच्यातील सामाजिक आशयाच्या वगांना ‘लोकनाट्य’ हे नाव प्रतिष्ठित करण्याचे श्रेय अण्णाभाऊंना दिले जाते. नाव बदलले, पण प्रेक्षकांशी असलेला संबंध अबाधित राहिला. पुढे ‘लोकनाट्य’ हा शब्द मराठी रंगभूमीवर सर्वमान्य झाला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे शाहीर पुन्हा महाराष्ट्राच्या मैदानांवर उभे राहिले. १९४० च्या दशकात त्यांचा विषय प्रामुख्याने वर्गसंघर्ष होता. आता प्रश्न भाषिक राज्याचा होता आणि श्रोत्यांत कामगारांबरोबर मध्यमवर्ग, विद्यार्थी व शेतकरीही होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड या बदलाचे उत्तम उदाहरण आहे. पोटासाठी मुंबईस आलेल्या मजुराच्या विरहापासून तिचा आरंभ होतो. पुढे हाच विरह बेळगाव, कारवार यांसारख्या महाराष्ट्रापासून तुटलेल्या भागांचा होतो. शृंगारिक लावणीच्या वळणाची रचना राजकीय मागणीपर्यंत सहजतेने पोहोचते. गिरणगावातील मजुराचे व्यक्तिगत दुःख आणि प्रदेशाचे दुःख एकाच सुरात गुंफल्यामुळे ही रचना सर्व थरांत पोहोचली.

वऱ्हाडात मात्र हेच गाणे काहीशा निराळ्या भूमीवर पडले, हे नोंदविणे आवश्यक आहे. बुलडाणा जिल्हा तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो विशाल द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती व त्या मागणीला येथे पाठिंबाही होता. मुंबईचा शाहीर ज्या एकतेची हाक देत होता, तिच्याविषयी वऱ्हाडच्या श्रोत्याच्या मनात शंकाही असू शकत होती. सामाजिक गीताचा अर्थ प्रदेशागणिक बदलतो आणि प्रत्येक प्रदेशाला स्वतःच्या वाणीची गरज असते, हे यावरून लक्षात येते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. नऊ वर्षांनी, १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊंचे व त्यानंतर सहा आठवड्यांत, २९ ऑगस्ट रोजी, अमर शेख यांचे निधन झाले. एका पथकाचे दोन आधारस्तंभ एकाच पावसाळ्यात कोसळले.

वऱ्हाडी वाणी : कीर्तन आणि खंजिरी

वऱ्हाडची स्वतःची वाणी याआधीच घडलेली होती. संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांच्या कीर्तनात निरूपणापेक्षा प्रश्नोत्तरांना अधिक स्थान असे. ते वऱ्हाडी बोलीत समुदायाला प्रश्न विचारीत, समुदाय उत्तर देई आणि त्या उत्तरातूनच पशुहत्या, कर्ज, अस्पृश्यता व अस्वच्छता यांवर प्रहार होई. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांनी खंजिरीच्या ठेक्यावर ग्रामसुधारणेचा विचार घराघरांत नेला. या दोघांच्या कार्याची प्रेरणा जलशापेक्षा वेगळी, भक्तिपरंपरेतील होती. तथापि, साधे तालवाद्य, बोलीभाषा, श्रोत्यांचा थेट सहभाग आणि वर्तमानातील प्रश्न ही वैशिष्ट्ये दोन्हीकडे समान आहेत. रॅप हा प्रकार वऱ्हाडच्या श्रोत्याला सर्वस्वी परका का वाटू नये, याचे उत्तर येथे मिळते.

मराठी रॅप : ‘स्वदेसी’ पथक

मुंबईत २०१३ मध्ये उभे राहिलेले ‘स्वदेसी’ हे पथक अनेक भाषांत रॅप करणाऱ्या तरुणांचे आहे. एमसी मवाली, एमसी तोडफोड, महार्या, १०० आरबीएच आदी कलावंतांनी हिंदी, मराठी, गुजराती या आपापल्या भाषांतून शहरी विषमता, भ्रष्टाचार, जमीन व पर्यावरण हे विषय हाताळले. यांपैकी सौरभ अभ्यंकर अमरावतीचे आहेत. ‘१०० आरबीएच’ या त्यांच्या नावातील शंभर म्हणजे हिंदी ‘सौ’. पुढील अक्षरे जोडली की ‘सौरभ’ हे नाव तयार होते. त्यांनी रॅपसाठी वऱ्हाडी बोली वापरली, ही भाषिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब आहे. विनोदी पात्राच्या तोंडी घालण्यापुरतीच उरलेली वऱ्हाडी येथे पुन्हा संतापाची व विचाराची भाषा झाली.

मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ या उपक्रमात या पथकातील कलावंतांनी कर्नाटक संगीतातील कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल उच्चारण्याची पद्धत, आणि रॅप यांचा मेळ घातला. २०१९ च्या ‘गली बॉय’ या हिंदी चित्रपटातील ‘इंडिया ९१’ या गीतात त्याचा प्रत्यय येतो. परकीय साचा स्वीकारताना त्याला देशी तालाचा आधार देण्याची ही पद्धत तमाशाच्या साच्यात नवा आशय भरणाऱ्या जलसाकारांच्या पद्धतीशी जुळणारी आहे.

२०१९ मध्येच या पथकाने ‘द वारली रिवोल्ट’ हे गीत सादर केले. मुंबईच्या आरे परिसरातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा त्यात सहभाग होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीमुळे आरेचा प्रश्न देशभर गाजला. गीताचे शीर्षक १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या वारल्यांच्या उठावाची आठवण जागवते. तो उठाव किसान सभेच्या लाल बावट्याखाली झाला होता आणि त्याच बावट्याचे नाव अण्णाभाऊ व अमर शेख यांच्या कलापथकाने धारण केले होते. तीन पिढ्यांनंतर मुंबईच्या तरुणांनी तोच इतिहास नव्या तालात उचलला.

२०२० मध्ये पथकाचा ‘चेतावनी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मार्च २०२२ मध्ये एमसी तोडफोड, म्हणजेच धर्मेश परमार, यांचे वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी निधन झाले. गुजरातीतून रॅप करणारा पथकाचा एक प्रमुख आवाज हरपला. पथकाचे काम त्यानंतरही थांबले नाही. फाइफ डॉग यांच्या पश्चात त्यांचे सहकारी ज्या प्रश्नासमोर उभे होते, तोच प्रश्न येथेही होता : गेलेल्या सहकाऱ्याची स्मृती केवळ श्रद्धांजलीपुरती ठेवावी की त्याने सुरू केलेला विषय पुढे न्यावा?

तुलनात्मक विवेचन

वरील उदाहरणांत कालखंड, विचारसरणी आणि कलाप्रकार यांचे भेद स्पष्ट आहेत. सत्यशोधक जलसा ग्रामीण व संघटनेशी बांधलेला होता. लाल बावटा कलापथक पक्षाशी निगडित होते. रॅप पथक ध्वनिमुद्रण संस्था व आंतरजाल यांवर अवलंबून असते. जलशाला गावाचे निमंत्रण लागे आणि श्रोता समोर बसलेला असे. रॅपचा श्रोता दूर असतो व त्याच्या पसंतीचा हिशेब आकड्यांत होतो. त्यामुळे बाजारपेठेच्या दबावाचा धोका रॅपला अधिक आहे, हे मान्य करावे लागेल.

तरीही एक समान सूत्र आढळते. प्रत्येक यशस्वी पुनरागमनात परिचित साचा कायम राहिला आणि प्रश्न नवा आला. सावकाराच्या जागी मंदिराचा बंद दरवाजा आला, त्यानंतर गिरणी, भाषिक राज्य आणि अखेरीस जंगलतोड. वऱ्हाडच्या बाबतीत हा नवा प्रश्न शोधण्यास दूर जावे लागत नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून विशेष मदत जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलडाण्याचा समावेश होता. सत्यशोधक जलशाच्या वगातील कर्जबाजारी कुणबी शंभर वर्षांनंतरही मंचावरून उतरलेला नाही.

निष्कर्ष

१. समाजप्रबोधनपर गायनपथकांची परंपरा महाराष्ट्रात अखंड नसली तरी पुनःपुन्हा उभी राहणारी आहे. तिच्यातील खंड हे तिच्या इतिहासाचाच भाग असून त्यांची कारणे अभ्यासणे आवश्यक आहे.

२. पुनरागमनाचे यश जुन्या कीर्तीपेक्षा नव्या प्रश्नाच्या नेमक्या निवडीवर अवलंबून असते.

३. बोलीभाषा हे या परंपरेचे प्रधान बळ आहे. गाडगे महाराजांच्या कीर्तनापासून आजच्या रॅपपर्यंत वऱ्हाडी बोलीने वैचारिक आशय पेलल्याचे दिसून येते.

४. मौखिक परंपरेत कलावंताच्या मृत्यूबरोबर संहिताही नष्ट होण्याचा धोका असतो. ध्वनिमुद्रणामुळे तोडफोड यांचा आवाज उरला. खेड्यांतील असंख्य जलसाकारांच्या व गायन पार्ट्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

समारोप

फुले यांच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी चिखलीच्या पंढरीनाथ पाटील यांनी, साक्षीदार हयात असतानाच, त्यांच्या आठवणी मिळविल्या. अण्णाभाऊ व अमर शेख यांना जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत. त्यांच्या काळात बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर या भागांतील जत्रांत, जयंत्यांत व सभांत डफावर थाप मारणाऱ्या कलावंतांची पिढी आता वार्धक्यात आहे किंवा काळाच्या पडद्याआड गेली आहे. त्यांच्या घरी गाण्यांच्या वह्या असतील, कोणाच्या नातवाला चाली पाठ असतील. महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या वह्यांच्या प्रती घेतल्या आणि हे आवाज भ्रमणध्वनीवर जरी मुद्रित केले, तरी एक मोठे साधन वाचेल. वऱ्हाडीतून रॅप करू पाहणाऱ्या तरुणाला त्यात आपली वंशावळ सापडेल. ज्या जिल्ह्यात १९२७ साली एका तरुणाने हे कार्य एकट्याने आरंभिले, तेथे आज ते अशक्य मानण्याचे कारण नाही.